पामफिलची पाळी

हे मी रचून सांगत नाहीये. उपवासाच्या दिवसांत खोटं बोलायची माझी छाती नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, तो माझा धाकटा भाऊ त्रायान आजही माझ्यासमोर बसून जेवतो.

नाताळच्या उपवासातला तिसरा बुधवार. दुपारचे दोन.

आमच्या रोमानियातल्या गावात टायरचा कारखाना होता. परदेशी कंपनीने आधी ‘फेररचना’ म्हणून निम्मी माणसं कमी केली. मग एक दिवस सांगितलं, या देशातून आम्ही निघालो. प्रेस, म्हणजे टायर दाबून भाजायची अवजड यंत्रं, खोलून दुसऱ्या देशात न्यायचे ठरले. त्या कामाला नऊ जण ठेवले.

त्यात त्रायान.

म्हणून मी चाळीस दिवसांचा नेम धरला. रोज सकाळी चर्चमध्ये दोन चिठ्ठ्या द्यायच्या. एक जिवंतांची, एक गेलेल्यांची. फादर नावं वाचून प्रार्थना करतात. त्रायान जिवंतांत. आणि गेलेल्यांत पामफिल... त्याचा कामावरचा जोडीदार. त्याच्या सहा वर्षं आधी अकरा नंबरच्या प्रेसमध्ये सापडून गेला.

त्या बुधवारी त्रायान तोच प्रेस खोलत होता. वीज बारा दिवसांपूर्वीच तोडलेली. पाळी बदलायचा भोंगासुद्धा उतरवून, खोक्यात घालून खिळे ठोकलेले.

तो प्रेसच्या जबड्यात कमरेपर्यंत वाकला होता...

आणि भोंगा वाजला.

खोक्यातून.

बाकीचे आठ जण बाहेर जेवत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

कारखान्यात एक रीत होती. बदलीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवल्याशिवाय कुणी प्रेस सोडायचा नाही.

त्रायानच्या खांद्यावर हात पडला... गरम.

“सरक की आळशा! माझी पाळी आली.”

आवाज ओळखीचा होता. वीस वर्षांची सवय. तो मुकाट बाहेर आला, तीन पावलं चालला.

मागे प्रेसचा वरचा भाग धाडकन खाली आला.

त्याने वळून पाहिलं...

कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तो पांढराफटक. “ताई, शर्ट बघ गं.” खांद्यावर पाच बोटांचे काळे ठसे. जळक्या रबराचा वास.

मी तशीच चर्चमध्ये गेले. सकाळच्या चिठ्ठ्या परत मागून घेतल्या. उघडून पाहिल्या.

घाईत मी नावं उलटी लिहिली होती. त्रायान गेलेल्यांत.

पामफिल... जिवंतांत.

गुरुवारी नावं नीट लिहिली. त्रायानला घरीच ठेवला.

दुपारी दोनला त्याच्या हातातला चमचा पडला. ओठ निळे. छातीला कान लावला...

श्वास नव्हता.

पामफिलला पाळीवरून मीच परत पाठवलं होतं! मी देवाच्या तसबिरीपुढे कोसळले. कागद ओढला, जिवंतांत दोघांची नावं लिहिली, मोठ्याने वाचली. त्रायान, पामफिल. त्रायान, पामफिल. किती वेळा, आठवत नाही.

“ताई, सूप गार झालं की,” मागून आवाज आला.

याला तीन वर्षं झाली. कंपनी गेली, प्रेस गेले, आवारात गवत माजलं. चाळीस दिवसांचा नेम मी अजून सोडलेला नाही. रोज पामफिलला जिवंतांत लिहिते. फादरना वाटतं, त्याच्या नावाचा कुणी पुतण्या असेल. मेलेल्याच्या वाट्याची प्रार्थना मी चोरते आहे, हे मला कळतं. पण भाऊ एकच आहे.

गेल्या रविवारी चर्चमध्ये साफ्ताआजीने माझी बाही धरली. पामफिलची आई.

“पोरी, माझ्या लेकाचं नाव देतेस ना गं रोज?”

“देते, आजी.”

“मग असं का होतं? रोज स्वप्नात येतो. घामाने थबथबलेला. विचारतो... आई, माझ्या बदलीचा माणूस अजून का नाही आला?”

मी बाही सोडवून बाहेर वळले.

फाटकापाशी त्रायान माझी वाट बघत उभा होता... खांदा चोळत.