चाव्यांचा डबा

"चावी!" करुणानं स्टीलचा डबा पुढं केला.

"अहो, पण मी..."

"सगळे हेच म्हणतात! आज बारावीचा निरोप समारंभ आहे. चावी उद्या वडिलांच्या हातात. घरी रिक्षानं जायचं, पोहोचल्यावर मला मिस्ड कॉल."

हेल्मेटमधले डोळे हसले, चावी डब्यात पडली. त्या डोळ्यांनी उगाच चुळबूळ लावली तिला. कॉलेजात नवी मॅडम ती, अन् गेल्या वर्षी याच संध्याकाळी दोन पोरं गाडीवरून पडलेली. आज एकालाही खरचटू द्यायचं नव्हतं तिला.

सातपर्यंत चाळिसातले सदतीस मिस्ड कॉल आले. प्रणय अन् त्याच्या दोन मित्रांचे... नाहीच!

गेटवर तोच हेल्मेटवाला. "मॅडम, मी प्रणयचा भाऊ, धम्मपाल. हे बेणं मित्राच्या गाडीवर ट्रिपल सीट धरणावर जाणार, असं कानावर आलं म्हणून न्यायला आलतो. मागच्या गेटनं पसार झालं बघा."

"अगं बाई! मग सांगायचं ना!"

"सांगू दिलं कुठं तुम्ही?"

करुणानं डब्यातली त्याची चावी शोधून त्याच्या हातात दिली. "चला, मीही येते."

प्रणयसाठी आणलेलं हेल्मेट त्यानं तिला दिलं. पैठण रोडला वारा लई सुटला होता. तिचा हात आधी सीटच्या कडीला, मग—खड्डा आला—त्याच्या खांद्यावर. तिनं तो काढला नाही. छातीत नुसती धडधड... सगळी पोरांसाठीच होती का? शी, ही काय वेळ!

पंक्चरच्या दुकानापुढं तिघं उभे होते. ब्लेझर धुळीनं माखलेले, पण धडधाकट! करुणाला रडूच फुटलं. धम्मपालनं मित्राच्या गाडीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "डब्यात टाका, मॅडम."

तिघांना रिक्षात घालून तिनं घरोघरी सोडलं. तो मागं मागं गाडीवर होताच.

घरी आली. चाळीस नावांपुढं चाळीस खुणा झाल्या, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकी, दार, पुन्हा खिडकी... आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, एकच रिंग. तिनं लगेच उलट लावला.

"पोहोचलो," धम्मपाल म्हणाला. "प्रणयकडनं नंबर घेतला. यादीत नाव नाय माझं, म्हणून भीत भीतच..."

"आहे! एक्केचाळिसावं. मघाशीच लिहिलंय मी. इतका वेळ लावतात का? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"मग... रोज देऊ का मिस्ड कॉल?"

"मिस्ड नको," करुणा म्हणाली. "उचलेन मी."