खडीसाखरेचं वजन

हेमचंद्ररावांच्या घरात देवघराच्या शेजारीच तराजू होता. वाण्याचा नव्हे, प्रयोगशाळेतला. काचेच्या दारांच्या सागवानी पेटीतला, दोन पितळी पारड्यांचा, मिलिग्रॅमपर्यंत खरं बोलणारा. परळची कापड तपासणारी प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तो भंगारात निघाला होता. हेमचंद्ररावांनी तो मांडीवर घेऊन टॅक्सीतून गिरगावात आणला आणि चाळीचे दोन जिने स्वतः चढवला. हमालाला हात लावू दिला नाही. "मला आणलंत तेव्हा इतकं जपलं नव्हतंत," असं कालिंदी म्हणाली होती, आणि ते खरं होतं.

कालिंदी त्याच प्रयोगशाळेतली. हेमचंद्रराव वजन करायचे, ती वहीत नोंद लिहायची. तिथला नियम असा, की वजन करणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. हेमचंद्ररावांना एक खोड होती. पारड्यात किती वजनं घातली ते वजनांच्या डब्यातल्या रिकाम्या खाचांवरून ते मोजत, आणि दहाची नि वीसची खाच शेजारी शेजारी असल्यामुळे घाईत दहाचे वीस करून टाकत. कालिंदी समोरून बरोबर आकडा म्हणायची, वर "परत बघा" अशी पुस्ती जोडायची. हे सगळं गालात खडीसाखरेचा खडा धरून, जरा बोबडं. आकडा लिहून झाला की उरलेला खडा ती दाताखाली कडकन फोडायची. साहेबांना तो आवाज मुळीच खपत नसे. हेमचंद्ररावांनी मात्र त्या आवाजापायीच तिला लग्नाचं विचारलं.

लग्नानंतर घरात देव तिचे आणि शास्त्र त्यांचं, अशी वाटणी झाली. त्यांनी कधी हात जोडले नाहीत, तिने कधी आग्रह केला नाही. फक्त दसऱ्याला ती तराजूच्या पेटीला झेंडूची माळ घालायची आणि कुंकवाचं बोट टेकवायची. "पारड्याला लावू नकोस, वजन चुकेल," असं ते दर वर्षी म्हणायचे. पेटीच्या उजव्या कोपऱ्यात लाकडात मुरलेलं कुंकू अजून होतं.

तराजू घरी आला त्या श्रावणात एकदा त्यांना चेष्टा सुचली. देव नैवेद्य खातो ना? मग वजन घटायला हवं. त्यांनी नैवेद्याचा खडीसाखरेचा खडा आधी तोलला, पूजेनंतर पुन्हा तोलला. मिलिग्रॅमचाही फरक नाही. ते विजयाने तिच्याकडे बघत राहिले.

"देव भावाचा भुकेला हो," ती म्हणाली. "तुमच्या पारड्यात कसा सापडेल?" आणि तिने तो खडा उचलून तोंडात टाकला. पुरावा खाल्लास म्हणून हेमचंद्रराव किती दिवस तिला चिडवत होते.

गेल्या माघात कालिंदी गेली. जाण्याआधी एवढंच म्हणाली, "नैवेद्य चुकवू नका. हात जोडले नाहीत तरी चालतील." ते रोज सकाळी दहाला खडा ठेवत. ठेवण्याआधी तोलत, उचलल्यावर तोलत, आणि रिकाम्या खोलीत आकडा मोठ्याने सांगत. फरक कधी आला नाही. पण आकडा सांगितला की घरात कुणीतरी बोलल्यासारखं वाटे, आणि तेवढं त्यांना पुरे.

आता चाळ पडायची होती. नवी इमारत उठायला पाच वर्षं तरी लागतील असं सगळे म्हणत होते. रविवारी खोली रिकामी करून हेमचंद्ररावांनी मुलाकडे, शंतनुकडे, ठाण्याला जायचं ठरलं होतं.

"बाबा, देवांचं काय?" शंतनुने फोनवर विचारलं. "आमच्याकडे रोजची पूजा करणार कोण? तुमचा तर विश्वास नाही. देव्हाऱ्यात धूळ खात बसवण्यापेक्षा रीतसर समुद्रात सोडू या का?"

बोलणं बिनतोड होतं. हेमचंद्ररावांची नजर तराजूकडे गेली.

"शेवटचा आठवडा नीट मोजतो," ते म्हणाले. "नैवेद्यात एक मिलिग्रॅम जरी फरक आला, तर देव माझ्याबरोबर येतील. नाही आला, तर तू म्हणतोस तसं."

शंतनु हसला. हेमचंद्ररावांना हसू आलं नाही. तो फरक यावा असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

नीट मोजायचं म्हणजे तुलना हवी. हवेच्या दमटपणाने खडा जड झाला, हलका झाला, तर कळणार कसं? म्हणून तसाच दुसरा खडा, तेवढाच वेळ, देवापासून लांब ठेवायचा. त्यांनी तो स्टीलच्या वाटीत घालून स्वयंपाकघरात ठेवला, ओट्यावर, माठाशेजारी.

सोमवारी देवापुढचा खडा होता तेवढाच होता. ओट्यावरचा एक्केचाळीस मिलिग्रॅमने घटला होता.

मुंग्या, हेमचंद्ररावांनी ठरवलं. मंगळवारी त्यांनी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवली. पाण्यात एक मुंगी आढळली नाही. खडा त्रेसष्टने घटला.

बुधवारी वाटीवर काचेची बरणी उपडी घातली. खडा घटला. गुरुवारी दोन खड्यांची अदलाबदल केली, म्हणजे खड्यातच खोट असेल तर ती देवघरात दिसली असती. देवघरात काही दिसलं नाही. ओट्यावर मात्र पुन्हा घट. शुक्रवारी त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बरणीकडे एकटक पाहत राहिले. काही हललं नाही. माठाचा गारवा तेवढा लागत होता, आणि मसाल्याच्या डब्यातून जिऱ्याचा वास येत होता. तोललं, तर पंच्याण्णव कमी.

शनिवारी त्यांनी खडा भिंगाखाली धरला. तुटलेला नव्हता, कुरतडलेला नव्हता. कोपरे गोल झाले होते, एकाच बाजूचे.

शेजारच्या खोलीतली दीपिका निरोप घ्यायला आली होती. तिने विचारलं, "काका, चेहरा का असा? बरं नाही का?"

"आमची ही खडीसाखर कुठल्या गालात धरायची गं?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

दीपिका गोंधळली. "काकू? डाव्या. का हो?"

"काही नाही. सहज."

रविवारी शंतनु सकाळीच आला. सामान बांधून झालं होतं, फक्त देव आणि तराजू उरले होते. हेमचंद्ररावांनी त्याला आठवड्याची वही दाखवली. तो इंजिनियर होता, त्याने ती नीट वाचली.

"बाबा, तुम्ही एकटेच वाचता, एकटेच लिहिता. तुम्हीच मला शिकवलंय, अशी नोंद धरत नाहीत."

"म्हणूनच आज तू लिही. मी सांगेन, तू परत म्हण, मग लिही."

दहाला दोन्ही खडे तोलून जागेवर ठेवले. ओट्यावरचा तीन ग्रॅम तीनशे साठ मिलिग्रॅम भरला होता. अर्ध्या तासाने दोन्ही उचलले. शंतनु वही घेऊन मागे स्टुलावर बसला. हेमचंद्ररावांनी देवापुढचा खडा चिमट्याने पारड्यात ठेवला, काचेचं दार लावलं आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला.

"तीन ग्रॅम चारशे सहा."

"तीन ग्रॅम चारशे सहा," शंतनु म्हणाला. "सकाळचाच आकडा, बाबा. फरक शून्य."

मग देव जाणार. हेमचंद्ररावांनी मान डोलावली. शंतनुने तांबडं कापड आधीच आणलं होतं. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यावर ठेवलेले होते, कालिंदीच्या माहेराहून आले होते तसेच.

त्यांनी ओट्यावरचा खडा पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. काटा मधोमध थांबला. डब्यातल्या खाचांकडे त्यांनी नजर टाकली. डोळे भरून आल्यामुळे नीट दिसत नव्हतं.

"तीन ग्रॅम दोनशे अठ्ठावीस," ते म्हणाले.

"दोनशे अठरा. परत बघा."

जरा बोबडं.

हेमचंद्ररावांनी मागे पाहिलं नाही. चिमट्याने एकेक वजन उचलून ते डब्यात परत ठेवू लागले. ग्रॅमची तीन. मग दोनशे. दहा. पाच. दोन. एक.

वीसचं वजन डब्यातच होतं. रिकामी खाच दहाची होती.

दोनशे अठरा.

नुसता कानांचा भास असता, तर आपलीच चूक परत ऐकू आली असती, हेमचंद्ररावांच्या मनात आलं.

गॅलरीतून शंतनु आत आला. वही काखेत, पेन्सिल कानावर. "सॉरी बाबा, टेम्पोवाल्याचा फोन होता, जरा बाहेर गेलो होतो. सांगा आकडा."

हेमचंद्ररावांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "ते देव समुद्रात नाही जायचे. माझ्याबरोबर येतील. पूजा मी करीन."

"पण फरक तर आला नाही."

"देवांच्या वाटीत नाही आला." ते म्हणाले. "देवांच्या वाटणीला ती अजूनही हात लावत नाही, शंतनु. मग मी कोण त्यांना बुडवणारा?"

शंतनुला काही उलगडलं नाही. तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. हेमचंद्ररावांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. देव नेता येतील, तराजू नेता येईल. ओटा नेता येणार नव्हता. घट खड्यात नव्हती, जागेत होती, हे त्यांनी स्वतःच गुरुवारी सिद्ध केलं होतं.

"आकडा लिहून टाक," ते शेवटी म्हणाले. "नोंद अर्धी नको. तीन ग्रॅम दोनशे अठरा."

"तीन ग्रॅम दोनशे अठरा," शंतनु म्हणाला आणि त्याने तो लिहिला.

खडा तराजूच्या पेटीत, काचेमागे, पारड्यातच होता. स्वयंपाकघर रिकामं होतं.

शंतनुची पेन्सिल थांबली. त्याने मान वर केली.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आत काय फुटलं?"