वावरांना मारलेल्या हाका

कारंजा घाडग्यात हायवेला लागून टायरचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी काच. तरी एखादा ट्रकवाला मनापासून हॉर्न वाजवायचा तेव्हा रेकॉर्डिंग थांबवावं लागे. भजनी मंडळं आणि निवडणूक आली की प्रचारगीतं, यावर माझं बरं चाललं होतं.

‘वावर’ हा अल्बम मात्र आम्ही पोटासाठी करत नव्हतो. प्रोग्रेसिव्ह रॉक. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकच गोष्ट: एक गाव धरणात जातं आणि माणसं उठून सडकेच्या कडेला येऊन राहतात. सुरभी गिटार वाजवायची, दुर्गेश ड्रम, कीबोर्ड आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. माझ्या वडिलांनी एकदा दारात उभं राहून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “पियुष, गाणं कधी सुरू होते?”

गाणं सुरू व्हायचं मध्यावर, भागाबाईंपासून. दुर्गेशची ही आत्या, म्हणून आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. तळेगावच्या अलीकडे त्यांची नवी वस्ती आहे. जुन्या गावातून निघताना बाकीचे ट्रॅक्टरवर सामान चढवत होते, तेव्हा ही टेकडीवर उभी राहून वावरांना हाका मारत होती. दिवेलागणीला गुरांना मारतात तशा. एका वावराचं नाव, मग दम, मग पुढचं. जमीन जंगलखात्याची, सातबारा कोणाकडेच नव्हता; पण प्रत्येक वावराला गोंडीत नाव होतं.

“वावरं मागून येतील म्हणून हाका मारल्या का, आत्या?” मी विचारलं होतं.

“येत नाई तं नाई,” ती म्हणाली. “पन त्याईले मालूम पाह्यजे ना, आपन कुठी गेलो तं.”

जमिनीचा दावा अजून चालू होता. कागद नाही, पण जुन्या माणसाची साक्ष चालेल, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं होतं. सगळी नावं तोंडपाठ असलेलं जुनं माणूस एकच उरलं होतं.

बंद खोलीत एकटी जायला आत्या तयार नव्हती, म्हणून दुर्गेशच्या ड्रमशेजारीच उभी राहून तिनं हाका मारल्या. सात मात्रांच्या त्या चमत्कारिक तालावर तिचा आवाज असा चढला की सुरभी गिटार वाजवायची विसरली. जाताना आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. “यातलं काही कापजो नोको हं, बाबू.”

“अजिबात नाही, आत्या,” मी म्हणालो.

दोन आठवड्यांनी बाबाराव समोसे घेऊन आला. हा आमदार भाऊंचा तालुक्यातला माणूस, आणि भाऊंची प्रचारगीतं मीच करतो. त्यानं हेडफोन लावून अख्खा अल्बम ऐकला, पायानं ठेका धरत.

“बाजा मस्त हाये रे,” हेडफोन काढत तो म्हणाला. “फक्त ते बाई काढ त्यातून.”

“काऊन?”

“अरे, तिथं वावरं होते का नव्हते, हेच तं ठरून राह्यलं अजून. अन् तू नावं घेऊन गावोगावी वाजवशीन?” त्यानं समोसा मोडला. “बंदी-बिंदी काही नाई. आपन लोकशाहीवाले मानसं. वर्ध्याचा हॉल मिळते तुमाले, भाऊ स्वतः येते. सुरभीचा भाऊ आष्टीले मास्तर हाये ना? चांगला पोरगा हाये. घराजवळ हाये, तेच बरं हाये.”

मी काय केलं? मी त्याला चटणी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच बसलो. सुरभीला आणि दुर्गेशला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबारावला नाही म्हणावं लागलं असतं, आणि तेच मला नको होतं. आत्याचा ट्रॅक बंद केला. आवाज बारीक झाला, पण गेला नाही. यात नवल काही नव्हतं. एकाच खोलीत गायलेलं शेजारच्या माइकांत शिरतं, तसा तिचा आवाज ड्रमच्या माइकांत शिरला होता. मी एकेक हाक शोधून ड्रममधून पुसली. चांगला कारागीर आहे मी, कुठे ठिगळ दिसू दिलं नाही.

मग ती कीबोर्डमध्ये ऐकू आली.

कीबोर्डला माइक नसतो. वायर थेट मशीनमध्ये जाते. शिवाय तो भाग मी नंतर, खोलीत एकटा असताना वाजवला होता. मी हेडफोन बदलले, वायर बदलली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. माझ्याच सुरांच्या खालून आत्या वावरांना बोलावत होती, लांबून, पण स्पष्ट.

शहाणा माणूस तिथे थांबला असता. मला मात्र भीती वाटली नाही. राग आला. तिचाच राग आला, की ही बाई काढली तरी निघत नाही. हे सांगताना आजही मान वर होत नाही. मी कीबोर्डमधून तिला काढलं. मग ती गिटारमध्ये आली, तिथूनही काढलं. संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ झालं. दिवा लावायला उठलो तेव्हा कान दुखत होते.

आठवडाभरानं दुर्गेशचा फोन आला.

“पियुष, ते बैलाच्या नावाचं वावर नाई का, माह्या बापाले साप चावला होता तिथं. काय नाव होतं बे त्याचं? जिभेवर हाये, अन् येऊन नाई राह्यलं.”

“रेकॉर्डिंगमध्ये ऐकून सांगतो,” मी बोलून गेलो.

मूळ रेकॉर्डिंगची प्रत वेगळ्या डिस्कवर होती. तिला मी हातही लावला नव्हता. ती लावून ऐकली. ड्रम होते, गिटार होती. आत्याच्या जागी तिचे दम होते, एकामागून एक. दोन दमांच्या मध्ये काहीच नव्हतं. मी बैलाचं ते नाव आठवून पाहिलं. मग दुसऱ्या एखाद्या वावराचं. एकही आठवेना. दुर्गेशला मी उलट फोन केला नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी तोच मला तळेगावला घेऊन गेला. आत्याकडून एकदा सगळं म्हणवून घ्या, असं वकिलानं सांगितलं होतं. ती अंगणात ऊन खात तूर पाखडत होती. मला पाहून तिला आनंद झाला. तिनं मला पाणी दिलं, बाजेवर बसवलं, आमची टेप कधी निघणार म्हणून विचारलं.

“लवकरच,” मी म्हणालो.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि जुन्या गावाकडच्या टेकडीकडे तोंड केलं.

गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज नव्हता.

शेजारी कुणाची तरी गिरणी चालू होती, ती ऐकू येत होती. कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती. मग तिचा दम ऐकू आला. मग पुन्हा ओठ.

आवाज कापला की कडेला खट्ट असं ऐकू येतं. ते येऊ नये म्हणून मी तिथे बारीक उतार ठेवतो, अगदी निमिषभराचा. तो माझा मला ओळखू येतो. तिच्या तोंडातल्या प्रत्येक शांततेला दोन्ही कडांना तो उतार होता.

दुर्गेशनं माझा दंड धरला होता.

आत्या शेवटपर्यंत गेली. एकही वावर तिनं सोडलं नसावं. कपाळावर घाम आला होता, चेहरा समाधानी होता.

“झालं,” ती म्हणाली. “सारं आलं ना नीट? उद्या असंच म्हनीन.”

दुर्गेशनं माझा दंड सोडला. तो खाली बघत राहिला.

मला इतकी शरम वाटली की बाजेवर बसवेना. मी तिच्या पुढ्यात खाली मातीत बसलो. म्हणालो, “आत्या, मी कापलं. बाबारावनं सांगितलं आणि मी तुमचा आवाज कापला. उद्या मी येतो तुमच्याबरोबर, सगळ्यांसमोर सांगतो.” मोठ्यानं म्हणालो, एकेक शब्द.

ती वाकली. कानामागे हात धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

“बोल ना, बाबू,” ती म्हणाली. “नुसता दम काऊन घेऊन राह्यला?”