अक्काचं काज

दार लोटून घ्या. आणि मध्ये बोलायचं नाही. मला एकदा तोडलं की मी पुन्हा जोडत नाही.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या शिंप्याची. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या. चाळीस वर्षं त्यानं कोट शिवले. हा झोपायचा खाली, मशीनशेजारी. वर राहायची त्याची थोरली बहीण, अक्का. लग्न दोघांचंही झालं नाही, आणि झालं असतं तरी टिकलं नसतं, अशी दोघांची तोंडं. कोट हा शिवायचा, काजं अक्का करायची. बाई डावखुरी. तिच्या काजाचा टाका उलट्या अंगाला कललेला. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. भाऊ मात्र खोलीच्या त्या टोकावरून ओळखायचा. आणि काज करणाऱ्याच्या पुढ्यात कापडाची सुलटी बाजू असते, पाठीमागे गाठी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरात तिसरा एक पोपट. त्याचं नाव साहेब. का, तर काम काडीचं नाही आणि हुकूम सगळ्यांवर.

अक्का दवाखान्यात गेली ती परत आली नाही. शेवटी भावाला म्हणाली, "साहेबाला रात्री नीट झोपव. तू घाई करतोस."

"पोपट झोपवायला काय शास्त्र लागतं? तू औषध घे मुकाट्यानं."

झालं. बहीणभावाचं शेवटचं बोलणं ते.

साहेबाचा पिंजरा अक्काच्या पलंगाशेजारी असायचा. रात्री त्यावर एक जुनी चादर. चादरीला बोटाएवढं भोक, आणि त्या भोकाच्या कडेनं अक्कानं काजाचे टाके घातलेले. शिंप्यानं ती चादर पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. शिंप्याच्या घरात फाटकं! टरकन फाडली आणि इस्त्री पुसायला खाली नेली. मग कोटाचं जाड काळं कापड काढलं, पिंजऱ्याची मापं घेतली आणि अशी खोळ शिवली की सुईच्या टोकाएवढा उजेड आत जाईना. मला बोलावून दाखवली. फुगला होता नुसता.

पहिल्याच रात्री खोळीच्या आतून आवाज. "आहेस का?"

अक्काला विचारायचा तो. रोज झोपताना. ती म्हणायची, "आहे रे. झोप." मग तो झोपायचा.

हा खालून ओरडला, "आहे! झोप गुमान!"

आत फडफड. गजांवर पंख आपटायला लागले. पहाटेपर्यंत तेच. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. आठवड्यात साहेबानं छातीची पिसं उपटून काढली. दाणा बंद.

शिंपी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पोरगेलाच डॉक्टर.

"काका, पक्षी झोपत नाही. असाच राहिला तर आठ दिवस काढणार नाही."

"मग गोळी द्या झोपेची."

"पोपटाला? त्यापेक्षा तुम्हीच घ्या. तुमचे डोळे बघा आधी."

अक्का गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. त्या दिवशी माझ्या पायरीवर पिंजरा मांडीत घेऊन बसला आणि म्हणाला, "एकच काम सांगितलं रे तिनं. एकच. तेही माझ्या हातून होत नाही."

मी म्हटलं, "आज वरच झोप. त्याच्याजवळ बस."

माझंच डोकं. मीच पाठवला त्याला वर.

गुरुवार होता, चौदा तारीख. अकरा वाजून दहा मिनिटं. त्यानं पिंजरा अक्काच्या पलंगाशेजारी ठेवला. पलंगावर बसायचं धाडस झालं नाही, म्हणून समोर स्टूल घेतलं. दाराला आतून कडी लावली. खोळ घातली. कोपऱ्यात छोटा दिवा चालू ठेवला.

"आहेस का?"

ह्यानं तोंड उघडलं. पण बोलायच्या आधीच...

"आहे रे. झोप."

अक्काचा आवाज. खोळीच्या आतून.

हा हसला. मनात म्हणाला, शिकला की लेकाचा, दोन्ही आवाज काढतोय! जीव भांड्यात पडला. म्हणाला, "शाबास साहेब, आता स्वतःलाच झोपव."

"आहेस का?"

"आहे रे..."

"आहेस का? आहेस का?"

आणि त्या विचारण्यावरच, ते संपायच्या आत, "आहे रे, आहे."

दोन्ही आवाज. एकाच वेळी.

चोच एक.

ह्याचं हसू तिथंच थांबलं. हात खोळीकडे गेला होता. तो तसाच राहिला. हवेत.

आत सगळं गप्प...

मग आवाज आला. खस्. थोडा वेळ काही नाही. खस्.

तुम्हाला नसता कळला. चाळीस वर्षं जो शिवतो त्याला कळतो. जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज.

खस्...

वर सुई नव्हती. सगळ्या सुया खाली, डबीत.

खस्...

किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. शेवटी बारीक कट्ट. दातानं दोरा तोडतात ना. तसं.

"अक्का," तो म्हणाला. "चुकलं माझं."

...

आत फक्त चोच घासल्याचा आवाज, हळू, करकर करकर. पोपट झोपेला आला की तसं करतो. मग तेही थांबलं.

तो स्टुलावरच उजाडेपर्यंत बसून राहिला. मग त्यानं मला हाक मारली. मी जिना चढून गेलो. ऐकीव नाही सांगत, ह्या डोळ्यांनी बघितलं. दाराची आतली कडी रात्रभर लावलेली होती तशीच, ती त्यानं मी आल्यावर काढली. काळ्या खोळीला, बरोबर पोपटाच्या डोळ्याच्या उंचीवर, बोटाएवढं काज. साहेब आतून त्याला एक डोळा लावून अक्काच्या रिकाम्या पलंगाकडे बघत होता. एकदम शांत.

टाका उलट्या अंगाला कललेला.

"बाहेरून बघ," शिंपी मला म्हणाला.

मी वाकून बघितलं. बाहेरच्या अंगाला सगळ्या गाठी होत्या.

सुलटी बाजू आत.