रुद्रभूमीतले बारा खड्डे

टेपचं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून राजेश्रीने ते दगडाखाली दाबलं आणि ती मागे मागे सरकत गेली. तेवढ्यात टेप एकदम ताठ झाली. बघते तर दगडापाशी एक उंच तरुण टोक धरून उभा!

"धरू का सोडू?" त्यानं विचारलं.

"धरा. अन् हलू नका."

हा विरेश. पालमच्या बाजारात त्याचं बी-बियाण्याचं दुकान. रस्त्यालगतची ही रुद्रभूमी म्हणजे लिंगायत समाजाची दफनभूमी, आणि तिच्या समितीचे अध्यक्ष मन्मथअप्पा हे त्याचे वडील. आजवर इथं बाग करायची म्हणजे कुणालाही गाठून रोपं खुपसायची आणि उन्हाळ्यात वाळक्या काड्या उपटायच्या. या खेपेला समितीला माती तपासून, नकाशा काढून, वर्षभर निगा राखायचं लेखी देणारं माणूस हवं होतं. ते काम राजेश्रीला मिळालं. देवगाव फाट्याच्या व्यंकटरावांची ही लेक परभणीत उद्यानविद्या शिकली, दोन वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर राबली. स्वतःच्या सहीचा हा तिचा पहिलाच नकाशा.

विरेश मग रोज सकाळी येऊ लागला.

"दुकान कोण बघतंय तुमचं?"

"नोकर हाय की."

"मग टेप धरायला त्यालाच पाठवा ना."

"त्याचा हात हलतो, मॅडम."

राजेश्री हसू दाबून वहीत आकडे लिहायची... आणि नंतर पुसायची, कारण ते चुकलेले असायचे. तो नकाशावर वाकला की तिला माप आठवत नसे. एवढी शिकली-सवरलेली पोर, पण या बाबतीत अगदीच कच्ची.

मे महिन्यात बेलाच्या झाडांसाठी बारा खड्डे खणून झाले. असे खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू देतात, म्हणजे मातीतली कीड मरते. राजेश्रीने तसेच उघडे ठेवले. चुकलं ते इथंच. रुद्रभूमीत खड्डा खणतात तो माणूस गेल्यावर, आणि भरतात त्याच दिवशी. रिकामा राहिलेला खड्डा माणूस मागतो, अशी जुनी धास्ती. चौथ्या दिवशी मन्मथअप्पांनी अंथरूण धरलं आणि पालमभर कुजबुज सुरू झाली.

सहाव्या दिवशी विरेश आला, पण आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"मॅडम... समिती म्हणायलीय, दिवस मावळायच्या आत खड्डे बुजवा."

"अजून नऊ दिवस पायजेत. झाडांना उधई-वाळवी लागंल. अन् कागदावर सही माझी हाय."

"पटतंय मला."

"मग?"

"आईनं दोन दिवसांपासून अन्नाला हात लावला न्हाई. अन् खरं सांगू... मी पण भ्यायलोय."

त्यानं हुकूम सोडला असता तर ती भांडली असती. असं खरं बोलणाऱ्याशी काय भांडायचं? मजूर घरी गेले होते. तिनं फावडं उचललं, त्यानं टोपलं. बारावा खड्डा भरला तेव्हा तिच्या तळहाताला फोड आले होते. विरेशनं रुमाल काढून तिच्या हाताला बांधला. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला, आणि तिनंही घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नकाशात दुरुस्ती लिहून दिली. लागवडीच्याच दिवशी खड्डे खणायचे, निंबोळी पेंड घालायची, झाड मेलं तर नवं लावून द्यायचं. खाली पुन्हा सही केली.

तिसऱ्या दिवशी मन्मथअप्पा लिंगैक्य झाले. वय एकोणऐंशी, काळीज कधीचं थकलेलं. पण लोक म्हणाले, बुजवायला उशीर झाला. अंत्यविधीला राजेश्री बायकांच्या शेवटी उभी होती. विरेशनं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. आपलं या माणसावर प्रेम आहे हे तिला तिथं स्वच्छ कळलं, आणि त्या घरात आता आपलं नाव कुणी घेणार नाही हेही. काम सोडून निघून जावं, असं फार वाटलं. पण वर्षभराचं लेखी दिलं होतं.

जूनअखेरीस तिनं लागवडीचं काम काढलं. खड्डा खणायचा आणि लगेच भरायचा. अप्पांच्या समाधीजवळच्या शेवटच्या खड्ड्यापाशी ती बेलाचं रोप घेऊन बसली होती, तेव्हा विरेश आला. त्याची आई, चन्नबसम्मा, मागे लिंबाखाली डोक्यावर पदर घेऊन थांबली होती.

"राजेश्री," तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. "लोक काय बोलायलेत, ऐकलं असंल तुमी."

"पालम केवढं... ऐकू येतंच."

"काल घरी तुमचं नाव घेतलं मी. लगीन करीन तर हिच्याशीच, म्हणलो."

तिच्या हातातलं रोप हातातच राहिलं. "अन् आई?"

"ती म्हणली, खड्डे बुजवल्याचं कळलं तवा तुज्या अप्पानं मला एवढंच विचारलं होतं... त्या पोरीचं काम वाया गेलं का गं? ज्याच्यावरून लोक तिला बोलायलेत, त्यालाच तिचं वाईट वाटलं. मग मी लोकांचं काय म्हणून ऐकू?" तो तिच्यासमोर मातीत बसला. "आता तुमचं सांगा."

राजेश्रीचे डोळे भरून आले. ती रडली, अगदी उघड रडली. मग मातीच्या हातानंच तिनं गाल पुसला.

"माझं हो हाय," ती म्हणाली. "पण आधी आईंना इकडं आणा. अप्पांच्या झाडाला माती त्यांच्या हातची पडू दे."

विरेश आईला आणायला लिंबाकडे गेला.