कॅझिमिरच्या कोपराचं माप

"कोपर टेका बाबा, बार तुमच्याच मापाचा करायचाय," असं म्हणत डेनिसने फळी आडवी धरली, आणि तळघराच्या जिन्यावर कॉफी घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या, बर्निसच्या काळजाचं पाणी पाणी झालं...

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात ज्याच्या तळघरात बार नाही तो बायकोच्या ताटाखालचं मांजर, असंच सगळे समजत. हा सल डेनिसला लहानपणापासून होता. म्हणूनच बाप कातडी कारखान्यातून निवृत्त होताच त्याने बेत आखला होता : मधोमध बिलियर्डचं टेबल, कोपऱ्यात पत्त्यांचं, आणि या भिंतीला ओकच्या लाकडाचा लांबलचक बार, मागे ब्रँडीच्या बाटल्या, खाली पाय टेकवायला पितळी दांडी. जन्मभर बायकोच्या धाकात राहिलेल्या बापाने आता तरी चार मित्र जमवून हसावं, एवढीच त्या भाबड्या पोराची इच्छा!

बर्निसने आठवडाभर नाना सबबी सांगितल्या. ओल येते म्हणाली, कपडे कुठे वाळत घालू म्हणाली. तुला लोकांच्या आनंदाचं वावडंच आहे, एवढं बोलून डेनिस कामाला लागला. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या लग्नात बिअरची पिंपं येणार म्हटल्यावर हीच आई अडून बसली होती, स्वतः गेली नव्हती आणि नवऱ्यालाही जाऊ दिलं नव्हतं. साऱ्या चर्चने तिच्या नावाने बोटं मोडली, आणि तिने ती निमूट मोडू दिली... कारण दारू सोडताना नवऱ्याने, कॅझिमिरने तिचे हात धरून एकच भीक मागितली होती, की पोराच्या नजरेतून मला उतरवू नकोस. पोर तेव्हा पाळण्यात होतं.

पण हा माणूस आता गप्प का? पुन्हा एक घोट पोटात गेला तर डॉक्टरही हात टेकतील, हे त्याला ठाऊक होतं, तरी तो पोराच्या प्रत्येक बेतावर मान डोलावत होता!

कॅझिमिर पुढे झाला. त्याने फळीवर कोपर टेकलं, खांदा सैल सोडला, आणि त्याचा उजवा पाय आपसूक उचलला गेला. अजून न बसवलेल्या त्या दांडीवर विसावावा तसा वीतभर वर अधांतरी थांबला.

"वा बाबा, सगळा जन्म गुत्त्यात काढल्यासारखे उभे राहिलात की," डेनिस हसला.

कॅझिमिरने आपल्याच पायाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बर्निस धावतच खाली आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"इथे बार होणार नाही. मला कजाग म्हण, चेटकीण म्हण, पण होणार नाही."

"माझ्या लग्नातून बाप पळवलास, तेवढ्याने पोट नाही भरलं तुझं?" डेनिसचा आवाज चिरकला.

"तिने नाही रे पळवला..." कॅझिमिर मटकन जमिनीवर बसला. मग त्याने सगळं सांगितलं : ते गुत्ते, ते बर्फात पडून राहणं, तान्ह्या डेनिसला कडेवर घेऊन बर्निसचं त्याला शोधत फिरणं. "तुझ्या लग्नाच्या दिवशी हॉलमधली पोल्का नाचाची धून घरापर्यंत ऐकू येत होती. मी सारखा दाराकडे धावायचो. तुझी आई तिचा नवा निळा झगा घालून दाराला पाठ लावून बसली होती. म्हणाली, मला शिव्या दे, पण ओलांडून जाऊ नकोस. आणि हा आठवडाभर मी गप्प राहिलो, कारण हा बार मला हवा होता, डेनिस. मलाच हवा होता."

डेनिसच्या हातून फळी गळून पडली. आईला काय काय बोललो, ते सारं त्याला एकदम आठवलं असावं.

"लग्नात नवरदेव आईबरोबर नाचतो, ते गाणंही वाजवलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "मी तिथे एकटाच उभा होतो. रागाने... तुझ्यावरच्या रागाने." आणि त्याने हात पुढे केला. "आता नाचशील?"

गुडघे दुखतात रे, असं पुटपुटत बर्निसने त्याचा हात धरला. वाद्य नाही, गाणं नाही. सिमेंटच्या जमिनीवर मायलेकरांची पावलं अडखळत फिरू लागली, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडू तिने त्याच्या छातीवर मोकळं केलं.

"तो झगा आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे की," ती म्हणाली. "एकदाच तर घातलाय."