थोरल्याचा कोट

दिवा जरा जवळ ओढा, आणि मध्येच कुणी हसायचं नाही. आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांच्या घरी घडलेली गोष्ट आहे ही, त्यांनी स्वतः मला सांगितलेली. मास्तर थापा मारणाऱ्यांतले नव्हते. कपडा उद्या देतो म्हणाले तर उद्याच द्यायचे. असा शिंपी पाहिलाय कधी?

डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. दिवेलागणीला त्यांचा थोरला मुलगा कोट घेऊन आला. तो तोफखान्यात होता. सकाळी संचलन, आणि नवं पदक कोटावर शिवून हवं होतं. कोट टेबलावर ठेवून तो दारातूनच म्हणाला, "बाबा, मला हे घालवत नाही. पण हुकूम आहे." चहालाही थांबला नाही.

थांबणार कसा? ज्या रात्री त्याने तोफ बंद पडू दिली नाही म्हणून हे पदक मिळालं, त्याच रात्री त्याच तोफेचा एक गोळा आपल्याच खंदकात पडला. तिथे धाकटा होता. सख्खा भाऊ. धाकट्याच्या पदकासाठी मास्तरांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. उत्तर एकच, पदक शत्रूच्या हातून पडलेल्याला. आपल्याच गोळ्याने गेलेला नियमात बसत नाही. मास्तर पार खचले. एका पोराचं कौतुक करावं तर दुसऱ्याचं मरण आठवायचं.

पलटणीचा रिवाज त्यांना पाठ होता. स्वतःचं पदक डाव्या छातीवर लावायचं. घरातल्या गेलेल्या माणसाचं असेल तर उजव्या.

मध्यरात्री ते कोट घेऊन बसले. नजर अधू झालेली. लहानपणापासून त्यांची सुई धाकटाच ओवून द्यायचा. तो गेल्यापासून दोरा ओवता ओवता मास्तर रडकुंडीला यायचे. त्या रात्री त्यांनी सुई उचलली...

ओवलेली होती.

मास्तरांनी मान वर केली नाही. पदक डावीकडे शिवलं. घट्ट.

समोरचं स्टूल कुरकुरलं. धाकट्याचं स्टूल.

"तुला नाही दिलं रे त्यांनी," मास्तर म्हणाले. "मी पुष्कळ..."



समोर कुणाचा तरी श्वास. ओल्या मातीचा वास. मग... गार बोटं. त्यांच्या हातातली सुई हळूच काढून घेतली.

मास्तरांनी डोळे मिटले. भीतीने नाही, म्हणाले मला. उघडले तर तो जाईल म्हणून.

सकाळी थोरल्याने परत येऊन कोट अंगात चढवला आणि आरशासमोर उभा राहिला तो हलेचना. पदक उजव्या बाजूला होतं.

"बाबा, हे तुम्ही...?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. थोरला भिंतीला टेकून ढसाढसा रडला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. मग डोळे पुसून म्हणाला, "राहू दे. त्याचंच आहे."

तो निघण्याआधी मास्तरांनी कोटाची डावी बाजू उजेडात धरली आणि भिंग लावून पाहिली. टाके उसवले की कापडावर भोकं राहतात.

तिथे सुईचं एक भोकही नव्हतं.